साती आसरा टेबलावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साती आसरांवर आधारलेला हा प्राणी मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी लिहिला. तेव्हापासून डीएम मंडळी (खेळ चालवणारे) आणि खेळाडू जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडनिडे नंतर. नियमांचे सगळे उल्लेख २०१४ च्या पुस्तकांप्रमाणे आहेत.

१. आसरा म्हणजे नक्की कोण? आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या जणांनी हे नावच ऐकलेलं नाही.

महाराष्ट्रात नदीचा डोह, विहीर, तळं, झरा अशा पाण्याच्या जागी राहणाऱ्या या सात जलदेवता. पाण्याच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले दिसले, तर ते बहुधा त्यांचंच ठाणं. काही भागांत त्यांना मावलाया म्हणतात. शेजारी पुष्कळ ठिकाणी म्हसोबाही असतो. खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या वाहून त्यांची ओटी भरतात.

त्या राखतात आणि धरतातही. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकटीनं पाण्यावर गेलं की आसरा लागतात, ही समजूत कित्येक गावांत आजही आहे. मूल देणाऱ्या त्याच आणि मुलाला त्रास देणाऱ्याही त्याच. खेळात त्यांना आणताना ही दोन्ही टोकं सोबत आणावी लागतात. त्यांना नुसतं चांगलं किंवा नुसतं वाईट केलं, की उरते ती कुठलीही जलपरी.

२. मग पाश्चात्त्य खेळांतल्या निम्फपेक्षा ही वेगळी कशी?

ग्रीक जलनिम्फही मुळात एका झऱ्याशी, एका ओढ्याशी बांधलेल्या होत्या आणि लोक त्या झऱ्यांवर त्यांना नैवेद्य ठेवत. आर्गो जहाजावरचा तरुण हायलस पाणी भरायला वाकला आणि निम्फनी त्याला आत ओढून घेतलं, ही कथा आपल्याकडच्या कुठल्याही डोहाला शोभेल. खेळात येता येता मात्र त्यातली जागा आणि पूजा दोन्ही गळून पडली आणि शिल्लक राहिलं ते रूप. तिसऱ्या आवृत्तीतल्या निम्फचं मुख्य अस्त्र म्हणजे तिचं सौंदर्य: जवळून तिच्याकडे पाहणारा माणूस आंधळा होऊ शकतो.

आसरेचं बळ चेहऱ्यात नाही, हक्कात आहे. पाणी तिचं आहे आणि तुम्ही न विचारता त्यात पाय घातला आहे. या प्राण्याचे सगळे नियम या एका वाक्यातून निघाले आहेत.

३. साती आसरा आणि सप्तमातृका एकच ना?

नाही. दोन्हींत आकडा सातच, म्हणून गल्लत होते. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा या सप्तमातृका. त्या देवांच्या शक्ती आहेत, प्रत्येकीचं वाहन आणि आयुध ठरलेलं आहे, आणि वेरूळच्या चौदाव्या व एकविसाव्या लेण्यांत त्यांचे सुंदर शिल्पपट आहेत. आसरांना सहसा मूर्ती नसते, दगड असतात. चामुंडेची आयुधं आसरेच्या हाती देऊ नका.

४. हडळ किंवा गिऱ्हा म्हणून आसरेचेच आकडे (प्रश्न ६ मधले) वापरले तर चालतील का?

नको. हडळ आणि गिऱ्हा ही भुतं आहेत, मेलेल्या माणसांची. खेळाच्या भाषेत ती अनडेड (मेलेली पण हिंडणारी), म्हणून क्लेरिकचं, म्हणजे देवाच्या बळावर लढणाऱ्या पात्राचं, टर्न अनडेड (अनडेडांना पळवून लावणं) त्यांच्यावर चालेल. आसरेवर ते चालत नाही. क्लेरिकनं पवित्र चिन्ह उगारलं आणि डोहातली बाई शांतपणे बघत राहिली, हा क्षण टेबलावर फार छान उतरतो. आपण कोणापुढे उभे आहोत हे खेळाडूंना तिथेच कळतं.

५. तिला फे (परीलोकातल्या जीवांचा गट) का केलं? देवता आहे तर सेलेस्टियल का नाही, आणि पाण्याची आहे तर एलिमेंटल का नाही?

सेलेस्टियल वरून पाठवलेला असतो, कोणाचा तरी दूत असतो. आसरेला कोणी पाठवलेलं नाही, ती तिथलीच आहे. एलिमेंटल म्हणजे नुसतं पाणी. त्याला रुसवा नसतो, वचन नसतं. फे हा गट जागेला आणि शब्दाला बांधलेला असतो, म्हणून तो सगळ्यांत जवळचा वाटला. डिटेक्ट इव्हिल अँड गुड हा मंत्र या तिन्ही गटांची चाहूल देतो, त्यामुळे तुम्ही गट बदललात तरी खेळात फार बिघडत नाही.

६. आकडे एका जागी द्या.

एका आसरेचे असे: मध्यम आकाराची फे. आर्मर क्लास (तिला वार लागायला गाठायचा अंक) १५. हिट पॉइंट (किती इजा सोसते तो आकडा) ६६, म्हणजे आठ पैलूंचे १२ फासे अधिक १२. जमिनीवर वेग ३० फूट, पाण्यात ५०. स्ट्रेंग्थ १२, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १२, इंटेलिजन्स १२, विझ्डम १६, करिश्मा १८. तिच्या सगळ्या शक्तींविरुद्धचा सेव्हिंग थ्रो (शक्तीतून सुटण्यासाठी टाकायचा फासा) १४. एका पाळीत लाटेचे दोन तडाखे: फाशावर अधिक ६, लागला तर आठ पैलूंचे दोन फासे अधिक ४ इतकी इजा.

स्वतःच्या पाण्यात असताना तिला मोहिनी घालता येत नाही, घाबरवता येत नाही, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तिचे १० हिट पॉइंट भरून येतात. काठावर लढत झाली तर चॅलेंज रेटिंग (प्राणी किती अवघड याचा अंक) ४ धरा, डोहात झाली तर ६.

७. ‘साद’ ही शक्ती नेमकी कशी चालते?

साठ फुटांच्या आत असलेल्या, तिचा आवाज ऐकू येणाऱ्या एका पात्रानं विझ्डमचा सेव्हिंग थ्रो करायचा. चुकला तर ते पात्र मोहित होतं आणि आपल्या पाळीत पाण्याच्या दिशेनं चालू लागतं. इजा झाली की पुन्हा थ्रो. पाण्यात पहिलं पाऊल पडलं की आणखी एक, तोही ॲडव्हांटेजनं (दोनदा फासा टाकून चांगला अंक धरायचा). एकदा सुटलेल्या पात्राला चोवीस तास पुन्हा साद लागत नाही.

एल्फना यातून सूट नाही. मोहिनीविरुद्ध त्यांना ॲडव्हांटेज असतो, अभेद्यता नसते. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा आला आहे.

साद कशी ऐकू येते, याचं वर्णन करायला रामायणातलं पंचाप्सर सरोवर डोळ्यांसमोर ठेवा. अरण्यकांडात राम तिथे पोचतो तेव्हा पाण्याखालून वाद्यांचा आणि गाण्याचा आवाज येत असतो आणि वर कोणीच दिसत नाही. मांडकर्णी ऋषी आणि पाच अप्सरा त्या पाण्याखालच्या घरात राहत असतात. माझ्या टेबलावर साद नेहमी ओळखीच्या आवाजातून सुरू होते: घागर बुडवल्याचा आवाज, बांगड्यांची किणकिण, बायकांचं हसणं. खेळाडू स्वतः विचारतात, ‘कोण आहे तिकडे?’ तेव्हा फासा मागायचा.

८. खेळाडूंनी नेमकं करायचं काय? लढायचं नसेल तर मग हा प्राणी ठेवलाय कशाला?

विचारायचं. परवानगी मागायची. वनपर्वात यक्षाच्या तळ्यावर चार पांडव कोसळतात ते याच कारणानं. तळं माझं आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे आणि मग पाणी पी, असं यक्ष प्रत्येकाला बजावतो. चौघेही तहानेपोटी ते ऐकत नाहीत. युधिष्ठिर थांबतो. सगळा प्रसंग तहान आणि थांबणं यांच्या ताणावर उभा आहे, आणि तोच ताण मला टेबलावर हवा होता.

म्हणून नियम असा. पाण्यात उतरण्यापूर्वी कोणीतरी काठावर थांबून पाणी मागितलं, तर त्या पात्राला आणि त्याच्या सोबत्यांना दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साद लागत नाही. त्यासाठी फासा नाही, करिश्म्याचा अंक नाही. मोडक्यातोडक्या शब्दांत मागितलं तरी चालतं. ओटी भरली तर मोबदल्यात एक गोष्ट मागता येते: पलीकडे नेऊन सोडणं, बुडालेली वस्तू वर आणून देणं, जखम बरी करणं. ओटीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. तुमच्या जगात नारळ नसेल तर तिथलं जे सुफळ मानलं जातं ते द्या. मात्र ते विकत घेऊन थैलीत टाकलेलं नसावं. कोणीतरी स्वतःच्या हातानं तयार केलेलं किंवा स्वतःच्या वाट्यातून काढलेलं असावं, एवढी एक अट मी घालते.

आणि प्राणी ठेवलाय कशाला, तर याचसाठी. वाटेत आडवा येणारा प्रत्येक जण आपल्याला अनुभवाचे गुण द्यायला जन्मला आहे, ही सवय खेळाडूंना फार लवकर लागते.

९. आमच्या पार्टीनं (पात्रांच्या टोळीनं) विचारलं नाहीच, सरळ तलवारी काढून उड्या मारल्या. आता?

आता पाणी स्वतः लढेल. पोहण्याचा वेग नसलेल्या पात्राला पाण्याखाली बहुतेक शस्त्रांचे वार डिसॲडव्हांटेजनं (दोन फाशांतला वाईट अंक धरून) करावे लागतात. सुटतात ती खंजीर, जॅव्हेलिन, शॉर्टसोर्ड, भाला आणि त्रिशूळ. धनुष्य जवळच्या पल्ल्यातही अडखळतं आणि त्यापुढे चुकतंच, क्रॉसबो मात्र जवळच्या पल्ल्यात नीट चालतो. पूर्ण बुडालेल्याला आगीची इजा निम्मी लागते, म्हणजे विझार्डचा लाडका फायरबॉलही अर्धा.

मूळ नियमांतली एक गोष्ट मला खटकते. पात्र आपल्या कॉन्स्टिट्यूशनच्या बोनसमध्ये एक मिळवून तितकी मिनिटं श्वास रोखू शकतं. बोनस २ असेल तर तीन मिनिटं, म्हणजे तीस पाळ्या. इतकी लांब लढत कोणीच लढत नाही, त्यामुळे पाण्याची भीती उरत नाही. म्हणून ‘ओढ’ ही शक्ती दिली: दहा फुटांच्या आतल्या पात्रानं स्ट्रेंग्थचा सेव्हिंग थ्रो चुकवला तर ते वीस फूट खाली खेचलं जातं. पाच किंवा जास्त अंकांनी चुकवला तर श्वासही निसटतो. मग बोनस असेल तितक्याच पाळ्या, निदान एक, आणि त्यानंतर हिट पॉइंट शून्य.

माझी आसरा माघार घेणाऱ्याचा पाठलाग करत नाही. काठाकडे वळलेल्याला ती जाऊ देते. प्रश्न १२ मधला भाग मात्र मागे लागतो.

१०. सातही जणींना एकदम उतरवलं तर किती लेव्हलची पार्टी लागेल?

काठावरचं रेटिंग ४ धरलं तरी प्रत्येकीचे अनुभवाचे १,१०० गुण, सातांचे ७,७००. सात ते दहा प्राणी असले की अडीचनं गुणायचं, म्हणजे १९,२५०. बाराव्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी जीवघेण्या लढतीची पायरी १८,००० पासून सुरू होते. त्याच्याही पुढे गेलात. २०२४ च्या नियमांत हा गुणाकार काढून टाकला आहे, तेव्हा तिथे कागदावर हीच लढत बरीच सोपी दिसेल. त्यावर विसंबू नका, डोहात ती सोपी नसते.

माझा सल्ला असा की सातही जणी एकत्र दाखवायच्या त्या न्यायनिवाड्याला. पार्टीनं काहीतरी मोठं केलं आहे, आणि सात आवाज आळीपाळीनं जाब विचारताहेत.

११. सातजणींमध्ये फरक काय ठेवायचा?

परंपरेतली नावं अशी: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. निम्मं काम नावांनीच करून ठेवलं आहे. मत्स्यीचा पाण्यातला वेग ८०. कूर्मीचा आर्मर क्लास १८, पण ती कधी पहिला वार करत नाही. कर्कटी एकाच वेळी दोघांना धरून ठेवते. दर्दुरीची साद साठऐवजी तीनशे फुटांवर पोचते, पावसात त्याहून दूर. जतुपी आणि सोमपा यांच्या बाबतीत मी मोकळीक घेतली आहे: जतुपी पाण्याभोवती अंधार पसरवते, सोमपा विष उतरवते आणि चढवतेही.

मकरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. आदिपर्वात वर्गा नावाची अप्सरा आणि तिच्या चार सख्या शापामुळे मगरी होऊन दक्षिणेकडच्या पाच तीर्थांत पडून असतात, त्यामुळे ऋषी तिथे स्नानाला उतरत नाहीत. अर्जुन उतरतो, मगर त्याचा पाय धरते, तो तिला तशीच ओढून पाण्याबाहेर आणतो आणि ती पुन्हा अप्सरा होते. मकरीला हरवण्याची रीत तीच ठेवली आहे. हिट पॉइंट संपवून ती मरत नाही, तळाशी जाऊन पहाटे परत येते. धरलेल्या पात्रानं तिला धरून काठावर आणलं, की लढत संपते आणि बोलणं सुरू होतं.

१२. ‘आसरा लागली’ म्हणजे खेळात काय होतं, आणि ती उतरवायची कशी?

न विचारता पाणी वापरलं, ठाण्याचे दगड हलवले किंवा आसरेला जखमी करून पळ काढला, तर त्या पात्राला ती लागते. दर मोठ्या विश्रांतीनंतर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो. चुकला तर विश्रांतीचा फायदा नाही आणि थकव्याची एक पायरी वर. अंगात कणकण, घशाला कोरड, पाणी पिऊनही तहान तशीच.

रिमूव्ह कर्सनं ती सात दिवस थांबते आणि आठव्या दिवशी परत येते. खेळाडू यावर चिडतात, पण मी हा नियम बदललेला नाही. मंत्रानं शाप पुसला तरी डोहाचं देणं बाकीच राहतं. पूर्ण उतरवायची असेल तर त्याच पाण्यावर परत जायचं आणि ओटी भरायची, प्रश्न ८ मध्ये आहे तशी. पात्र फार दूर असेल तर जवळचं नातेवाईक त्याच्या वतीनं जाऊ शकतं. अशा सफरीवर एक अख्खं सत्र सुखानं जातं.

१३. चित्रात ती म्हाताऱ्या बाईसारखी का दाखवली आहे? जलसुंदरी हवी होती.

ती कुठल्याही वयाची दिसू शकते. चित्रकाराला मी नऊवारी, हिरवा चुडा आणि मळवट एवढंच सांगितलं होतं. ओल्या अंगाची तरुणी काढली की टेबलावरचं बोलणं ठरलेल्या वळणानं जातं आणि परवानगीचा मुद्दा बाजूला पडतो.

१४. जिची लोक खरोखर पूजा करतात तिला मारायचे आकडे देणं बरोबर आहे का?

हा प्रश्न रागानं विचारणारेही आहेत आणि काळजीनं विचारणारेही. दोघांनाही मी एकच उत्तर देते.

आकडे द्यावेत की नाही, यावर मी बराच विचार केला. आकडे नसलेला प्राणी डीएम वापरत नाहीत, आणि वापरलाच तर दुसऱ्या कुठल्या तरी राक्षसाचे आकडे उचलून वापरतात. तेव्हा तिचा स्वभावही त्या राक्षसाचाच होतो. त्यापेक्षा तिचे आकडे तिच्या स्वभावाला धरून लिहावेत, असं ठरवलं. म्हणून तिला स्वतःच्या पाण्यात संपवणं जवळजवळ अशक्य आहे, आणि मारलं तरी डोह रिकामा राहत नाही. तिच्या मरणाचे अनुभवगुण शून्य. ओटी भरून वाट मिळवली तर पूर्ण गुण.

काही गोष्टी मी कोणालाही करू देणार नाही, निदान माझ्या नावानं. खऱ्या गावातलं खरं ठाणं नावानिशी घेऊन तिथे लढत ठेवू नका. ज्या बाईनं काल त्या दगडांना हळदकुंकू वाहिलं ती हे वाचू शकते. अंगात येण्याची नक्कल हसण्यासाठी करू नका. आणि पाण्यात माणसं खरोखर बुडतात. विहिरीत, बंधाऱ्यात कोणीतरी गमावलेलं माणूस तुमच्या टेबलावर बसलेलं असू शकतं. पहिल्या बैठकीत सगळ्यांना विचारून घ्या, आणि कोणी नको म्हटलं तर कारण न विचारता ‘ओढ’ ही शक्ती काढून टाका.

१५. वॉटर ब्रीदिंगचा मंत्र टाकला, किंवा पात्राला श्वासच लागत नसेल, तर?

बुडण्याची भीती गेली, बाकी सगळं तसंच. वॉटर ब्रीदिंग दहा जणांना चोवीस तास पुरतो आणि विधी म्हणून टाकला तर फुकट पडतो, तेव्हा तिसऱ्या लेव्हलचे मंत्र हाती आलेल्या पार्टीकडे तो आहे असंच धरून चाला. साद, लाट आणि लागणं यांचा श्वासाशी संबंध नाही. उलट पाण्याखाली श्वास घेणारा पाहुणा तिच्या घरात आणखी आत जातो, तेव्हा विचारणं आणखी गरजेचं.

१६. मशकीत भरून नेलेलं पाणी कोणाचं? आणि क्रिएट वॉटरनं केलेलं?

विचारून भरलं असेल तर तुमचं. न विचारता भरलं असेल तर तिचं, आणि मशक उघडेपर्यंत तिला त्यातून ऐकू येतं. मंत्रानं तयार केलेल्या पाण्यावर तिचा हक्क नाही. ते तिच्या डोहात ओतलं, की त्या क्षणापासून आहे.

१७. यासाठी महाराष्ट्रातल्या कुठल्या जागांवरून नकाशा काढता येईल?

जागेचं रूप घ्या, नाव बदला. कारण प्रश्न १४ मध्ये आहे. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत: भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसॉल्टचा खडक पोखरून केलेले खोल, गुळगुळीत रांजण. एकेका रांजणात एकेक बहीण ठेवली तर लढतीचं मैदान आयतं तयार होतं, कारण आत पडलेल्याला धरायला कंगोरा नाही. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर तिच्या आतल्या दालनासाठी पाहा. पायऱ्या उतरत जाणं, वर कमी होत जाणारं आभाळ आणि पाण्याच्या वर एक खोली, म्हणजे बोलणी करायची जागा. लोणारला खाऱ्या सरोवराच्या काठाशी गोड्या पाण्याची धार आहे. दोन पाणी, दोन मालकिणी, आणि मध्ये तुमची पार्टी.

१८. उन्हाळ्यात डोह आटला किंवा कोणी वर बांध घातला तर आसरा मरते का?

आटल्यानं मरत नाही. ती ओलीबरोबर खाली जाते आणि पाऊस पडला की वर येते. त्या काळात तिचे हिट पॉइंट भरून येत नाहीत, आणि वाळूत हातभर खड्डा काढला की तिच्याशी बोलता येतं. बांध घातला तर गोष्ट वेगळी. पाणी माणसानं तोडलेलं आहे, म्हणून बांध घालणारा आणि त्याचं पाणी पिणारं सगळं गाव यांना ती लागू शकते. असं कथानक करायचं असेल तर गावालाही खरी गरज द्या. शेतं करपली आहेत, म्हणून बांध घातला. खलनायक ठेवलात तर पार्टी त्याला मारून मोकळी होईल आणि पाण्याचा प्रश्न तिथेच राहील.

१९. माझ्या वॉरलॉकला (करारातून शक्ती मिळवणाऱ्या पात्राला) आसरा पॅट्रन (करार करून शक्ती देणारी) म्हणून हवी आहे. चालेल?

चालेल. आर्चफे या पॅट्रनचे नियम घ्या आणि करार मात्र नीट लिहा. नमुना म्हणून उर्वशी आणि पुरूरवा यांची कथा बघा. त्यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे आणि पुढची गोष्ट शतपथ ब्राह्मणात. उर्वशीची एक अट असते की पुरूरवा तिला कधी नग्न दिसता कामा नये. गंधर्व रात्री तिची कोकरं पळवतात, तो तसाच उठून धावतो, वीज चमकते आणि अट मोडते. पुढे तो तिला शोधत फिरतो तेव्हा ती एका तळ्यात सख्यांबरोबर पाणपक्ष्याच्या रूपात पोहताना सापडते.

तशीच एक साधी, रोज पाळता येईल अशी अट वॉरलॉकला द्या. उदाहरणार्थ, पाणी मागणाऱ्याला कधी नाही म्हणायचं नाही, शत्रूलाही नाही. अट मोडली की शक्ती लगेच जात नाहीत. पुढच्या वेळी पात्र कुठल्याही पाण्यापाशी गेलं की सगळी पाखरं उडून जातात, आणि तिला परत बोलावायचं असेल तर प्रश्न १२ मधल्या वाटेनंच जावं लागतं.